शिवकालीन प्रसंग, सह्याद्रीची निसर्गदृश्ये आणि दंतकथा : चित्रकाराने आधार कुठून घ्यावा?

जलरंगी यांचा प्रश्न

नमस्कार.

मी पुस्तकांसाठी चित्रे काढतो. साताऱ्यातील एका लहान खोलीत जलरंग आणि गवाश (अपारदर्शक जलरंग) यांत काम करतो. छपाईपूर्वीचा शेवटचा हात तेवढा टॅब्लेटवर फिरवतो. सध्या माझ्याकडे दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीच्या एका पुस्तकाचे काम आले आहे. सह्याद्रीतील किल्ले हा विषय असून एकूण २४ पानभर चित्रे हवी आहेत. काही चित्रे इतिहासातील प्रसंगांची आहेत : पन्हाळ्याहून विशाळगडाकडे झालेली वाटचाल, सिंहगडाची लढाई, रायगडावरील राज्याभिषेक. काही निव्वळ निसर्गदृश्ये आहेत. उरलेली चार चित्रे दंतकथांची असून त्यांत हिरकणी आहे आणि सिंहगडाच्या कड्यावर चढणारी घोरपडही आहे.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पुस्तकात मी मावळ्यांच्या तळाचे चित्र काढले होते आणि तळामागे फुललेला गुलमोहर दाखवला होता. पुस्तक छापून झाल्यावर एका वाचक शिक्षिकेने मला अत्यंत सौम्य शब्दांत पत्र लिहिले की हे झाड मूळचे मादागास्करचे असून ते आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आले. त्या चित्रातील तलवारी, ढाली आणि पागोटी मी महिनाभर अभ्यासली होती. झाडाचा विचार मात्र एक क्षणही केला नव्हता. ती चूक आजही त्या पुस्तकात छापलेली आहे आणि मुले ती पाहत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. या वेळी तसे होऊ नये, अशी इच्छा आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की ज्या प्रसंगाचे समकालीन चित्र उपलब्ध नाही, त्याच्या चित्रासाठी आधार नेमका कुठून घ्यावा? आधीच्या चित्रकारांची चित्रे पाहून काढले, तर त्यांच्या चुका माझ्या होतात. दुसरा प्रश्न दंतकथांचा आहे. राज्याभिषेकाचे चित्र आणि घोरपडीचे चित्र एकाच शैलीत, एकाच रंगात, शेजारशेजारच्या पानांवर आले, तर मुलांनी दोन्ही सारखेच खरे मानावे असे मी सांगतो आहे, असा त्याचा अर्थ होत नाही का? संपादकांचे मत असे आहे की सर्व चित्रे सारखीच भव्य दिसली पाहिजेत. पावनखिंडीच्या चित्राचा माझा कच्चा आराखडा त्यांनी परत पाठवला, कारण त्यातील माणसे गुडघ्यापर्यंत चिखलात आहेत आणि खिंड अरुंद व अंधारी दिसते.

या विषयातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


गडवाटसरू यांचा प्रतिसाद

आपला चिखल अजिबात पुसू नका. त्या आराखड्यातील ती सर्वांत खरी गोष्ट आहे.

मी चित्रकार नाही. गेली वीस-बावीस वर्षे डोंगर चढतो आहे आणि पन्हाळा ते विशाळगड ही वाट भर आषाढात पाच वेळा चाललो आहे. माझा अनुभव असा की कागदपत्रे जिथे गप्प बसतात, तिथे तिथी आणि डोंगर बोलतात, आणि या दोन साक्षीदारांकडे चित्रकार फारसे वळत नाहीत. प्रत्येक प्रसंगासाठी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात : महिना कोणता, चंद्र कुठे, आणि माणसे डोंगराच्या कोणत्या अंगाला उभी आहेत.

तारखांविषयी एक खुलासा आधी केला पाहिजे. शिवकालाच्या ज्या इंग्रजी तारखा आपण सर्रास देतो, त्या बहुधा जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाच्या आहेत. सतराव्या शतकात ते पंचांग आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १० दिवस मागे होते. त्यामुळे पन्हाळ्याहून निसटण्याचा १२ जुलै १६६० म्हणजे आजच्या हिशेबाने २२ जुलै, सिंहगडाच्या लढाईचा ४ फेब्रुवारी १६७० म्हणजे १४ फेब्रुवारी, आणि राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ म्हणजे १६ जून. इतिहासाच्या पुस्तकात या दहा दिवसांनी काही बिघडत नाही, पण चित्रात आभाळच बदलते. राज्याभिषेकाच्या असंख्य चित्रांत रायगडावर निरभ्र निळे आकाश असते. कोकणात सरासरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पोहोचतो. १६ जूनला त्या डोंगरावर, समुद्रापासून इतक्या जवळ, ढग उतरलेले असण्याची शक्यताच अधिक. प्रत्यक्ष त्या सकाळी पाऊस पडला की नाही, हा निराळा प्रश्न आहे. पण ओलसर, करड्या, विखुरलेल्या उजेडात सोन्याचे सिंहासन कसे दिसेल, याचा विचार एखाद्या जलरंग चित्रकाराने केला, तर त्याला उन्हात चमकणाऱ्या सोन्याहून अधिक काहीतरी सापडेल, असे मला वाटते.

आता पन्हाळ्याविषयी. त्या रात्री आषाढी पौर्णिमा होती. म्हणजे चंद्र पूर्ण, पण ढगांच्या आड. जे आषाढातल्या पौर्णिमेच्या रात्री डोंगरात राहिले आहेत त्यांना ठाऊक असते की अशी रात्र काळीकुट्ट नसते. सगळीकडून झिरपणारा, सावली न पडणारा, राखेसारखा एक उजेड असतो. समोरच्याची आकृती दिसते, चेहरा दिसत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या मशाली, ही ठरलेली रंगसंगती इथे नको. वेढ्यातून गुपचूप निसटणारी माणसे मशाली पेटवून चालणार नाहीत, ही साधी गोष्टही कित्येक चित्रांत विसरली गेली आहे. आणि घोडखिंडीतील, म्हणजेच पावनखिंडीतील, झुंज ही रात्रीची नाहीच. रात्रभर चालून आलेल्या माणसांनी ती दुसऱ्या दिवशी दिली. बाजीप्रभूंच्या मागे चंद्र दाखवणारी चित्रे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तिथे खरे तर धुके आणि पावसाचा पांढरा उजेड हवा.

सिंहगडाची रात्र माघ वद्य नवमीची. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र बरीच उलटल्यावर उगवतो. म्हणजे कडा चढणाऱ्यांना रात्रीचा पहिला मोठा भाग पूर्ण अंधार मिळाला, आणि ही रात्र निवडण्यामागे तोच विचार असावा, असे मला नेहमी वाटते. मात्र माघात धुके-पाऊस नसतो. हवा कोरडी असते, तारे स्वच्छ दिसतात, गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि पायाखाली वाजते. चढणाऱ्याला त्या वाळल्या गवताची आणि सुटणाऱ्या मुरमाची भीती अधिक. आपल्या चित्रात हाताच्या पकडीबरोबर पायाखालून सुटलेला एक खडा दाखवता आला, तर पाहा.

डोंगराच्या आकाराविषयी एक कळकळीची विनंती. सह्याद्री टोकदार नाही. तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे, त्यामुळे त्याच्या अंगावर आडव्या रेषा आहेत : उभा कातळ, मग गवताचा तिरका पट्टा, पुन्हा उभा कातळ. हे थर एका डोंगरावरून पलीकडच्या डोंगरावर जवळजवळ त्याच उंचीवर पुढे चालू राहतात. ही एक गोष्ट सांभाळली, तर चित्र कोणत्याही रंगात असो, पाहणारा मराठी माणूस म्हणेल की हा आपला डोंगर आहे. सुळके आहेत, राजगडावर नेढे (कातळाला आरपार पडलेले भोक) आहे, पण ते अपवाद म्हणून उठून दिसतात, कारण बाकी सगळे आडवे आहे. बालेकिल्ला आणि माची यांचे नातेही याच आडव्या थरांमुळे जमलेले आहे. राजगडाची संजीवनी माची ज्या सोंडेवर बांधली, ती सोंड आधी होती आणि तटबंदी तिच्या वळणांनी गेली.


मोडीवाचक यांचा प्रतिसाद

गडवाटसरू यांनी आभाळ आणि डोंगर सांगितले. मी कागदांविषयी लिहितो. समकालीन चित्रे नाहीत हे खरे असले, तरी समकालीन किंवा जवळच्या काळातील वर्णने आहेत आणि त्यांतील काही एखाद्या चित्रकाराने सांगावीत इतकी नेमकी आहेत.

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याने लिहून ठेवले आहे की सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर अधिकाराची चिन्हे लावलेली होती : उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची डोकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल असलेला सोन्याचा तराजू. राजवाड्याच्या दारापाशी दोन्ही बाजूंना लहान हत्ती आणि सोन्याचे साज चढवलेले दोन देखणे घोडे होते. असा अवघड डोंगर चढून ही जनावरे वर आली कशी, याचे त्याला नवल वाटले. तो पुष्कळ दूर उभा होता, म्हणून दुभाषी नारायण शेणवी यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी महाराजांच्या दृष्टीस पडावी अशी उंच धरली. ही उंच धरलेली अंगठी म्हणजे चित्रकाराला मिळालेले दान आहे. शेकडो माणसांच्या दरबारात एक हात वर गेलेला आहे आणि सिंहासनावरची नजर तिकडे वळते आहे. यापुढे भव्यतेसाठी वेगळे काय करावे लागेल?

सिंहगडासाठी कृष्णाजी अनंत सभासद याची बखर वाचावी. ती राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली, म्हणजे प्रसंग घडला त्याला पुरती तीस वर्षेही झालेली नव्हती. सभासद सांगतो की निवडक दोन मावळे वानर चढतात तसे कडा चढले आणि त्यांनी वरून माळ (दोराची शिडी) लावली, तिच्यावरून इतर माणसे चढली. घोरपड तिथे नाही; ती आपल्याला भेटते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. गड हाती आल्यावर घोड्यांच्या पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, हेही सभासदच सांगतो. माझ्या मते सिंहगडाचे खरे चित्र तिथे आहे. राजगडाच्या तटावर अंधारात उभी असलेली माणसे, आणि दूर क्षितिजावर एक लहान नारिंगी ठिपका. विजयाची बातमी त्या ठिपक्याने दिली. तानाजी पडल्याची बातमी अजून यायची आहे.

चेहऱ्यांविषयी फार सावध राहावे. महाराजांचे म्हणून एकेकाळी जे चित्र सर्वत्र छापले जात होते, ते वास्तविक इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते, हे इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास दाखवून दिले आणि डच संग्रहांतून आलेले विश्वसनीय चित्र पुढे आणले. आज ॲम्स्टरडॅम, लंडन आणि पॅरिस येथील संग्रहांतील दख्खनी शैलीची चित्रे आपल्याला घरबसल्या पाहता येतात. पॅरिसमधील, मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहात मीर मुहम्मदाने काढलेले, महाराज घोड्यावर बसले असून बरोबर शिपाई चालत आहेत असे चित्र आहे. शिपायांचे पोशाख आणि हत्यारे यांसाठी ते जरूर अभ्यासावे. अशा लघुचित्रांत अंगरख्याचे बंद कोणत्या बगलेखाली बांधले आहेत, हेही पुष्कळदा पाळलेले दिसते : हिंदू डावीकडे, मुसलमान उजवीकडे. आपल्याकडच्या विसाव्या शतकातील चित्रांत पेशवाईतील पगड्या आणि संगीत नाटकांतील अंगरखे यांची सरमिसळ झाली आहे, कारण त्या चित्रकारांच्या डोळ्यांसमोर नाटकाचा रंगमंच होता. बंदुका दाखवायच्या असतील, तर त्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने डागायच्या, दाखवा, आणि पावनखिंडीत त्या दाखवूच नका असे मी म्हणेन. भर पावसात तोडा पेटता ठेवणे किती कठीण, हे लक्षात घेतले की तिथे तलवार, दांडपट्टा आणि विटा (दोरी बांधलेला भाला) यांनाच महत्त्व का आले असेल, ते आपोआप कळते.

दंतकथांविषयी माझे मत कठोर आहे. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात घोरपडीला पानभर जागा देऊ नये.


सोनकी यांचा प्रतिसाद

गुलमोहराबरोबर आणखी काही झाडे टाळावी लागतील, म्हणून हा छोटा प्रतिसाद. आज कोणत्याही गडाच्या पायथ्याशी जी हिरवळ दिसते, तिच्यात निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प आणि घाणेरी यांचा भरणा असतो आणि ही सर्व झाडे शिवकालानंतर आपल्याकडे आली. गडाचे छायाचित्र समोर ठेवून काढले, की ती नकळत चित्रात उतरतात. त्यांच्या जागी ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, उंबर, आंबा आणि उतारांवर कारवी दाखवावी. कारवीच्या काठ्यांचे कूड घालून शेणामातीने लिंपलेली घरे आजही मावळात आढळतात. गडावरच्या साध्या माणसांची घरे दाखवताना त्यांचा उपयोग होईल.

छपरांकडेही लक्ष द्यावे. चपटी, खाचांची मंगलोरी कौले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. त्यापूर्वी नळीची कौले किंवा गवताचा शाकार असे. गडावर आज आपल्याला केवळ जोती दिसतात, त्यामुळे चित्रकार एक तर भग्नावशेषच रंगवतो किंवा त्यावर राजस्थानी महाल उभा करतो. जोत्यावरील खांबांच्या दगडी बैठका मोजल्या, तर त्यावर किती खणांचा लाकडी सांगाडा उभा होता, याचा पुष्कळ चांगला अंदाज येतो.


जुना चित्रशिक्षक यांचा प्रतिसाद

मी ३४ वर्षे चित्रकला शिकवली. वरील तिन्ही प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आहेत आणि ते मुलांना वाचून दाखवणार आहे. तरीही दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे.

प्रथम आधाराविषयी. आपण रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे काम नीट पाहिले नसेल, तर हातातील चित्रे चार दिवस बाजूला ठेवा आणि औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जाऊन या. साताऱ्याहून औंध काही दूर नाही. धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. शिवचरित्रातील प्रसंग, पुराणकथा, निसर्गदृश्ये, मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, पोस्टकार्डे, जाहिराती : चित्रकाराने करावे असे कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. महाराष्ट्रातील व्रतकथांच्या १९१४ साली निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकासाठीही त्यांनी चित्रे काढली.

त्यांच्या राज्याभिषेकाच्या दरबारात शंभरावर माणसे आहेत. मोडीवाचकांच्या कसोटीला त्यांतील सगळे तपशील उतरतील असे मी म्हणणार नाही. पण त्या गर्दीतील एकही माणूस भरतीचा नाही, हे पाहा. कोणी मान उंचावून पाहतो आहे, कोणी शेजाऱ्याशी बोलतो आहे. हे आले कुठून? ते आले रोजच्या रेखाटनांतून. धुरंधरांनी आयुष्यभर माणसे रेखाटली : बाजारातली, लग्नातली, देवळातली. शिवकालीन मावळा कसा बसत असे, याचे चित्र कोणत्याही संग्रहालयात नाही. पण दिवसभर नांगरणी करून बांधावर टेकलेला शेतकरी साताऱ्याच्या आसपास आपल्याला आजही दिसेल, आणि थकव्याला पोशाखाप्रमाणे काळ नसतो. आपल्या चिखलातल्या माणसांसाठी भातलावणीच्या दिवसांत मावळात किंवा कोकणात जाऊन आठ दिवस नुसती पावले काढा. चिखलातून पाय उपसताना टाच आधी सुटते की चवडा, शरीराचा तोल कुठल्या खांद्यावर जातो, हे एकदा हाताला कळले, की संपादकांना हवी असलेली भव्यता त्या चिखलातूनच उभी राहील. त्यांची मागणी अगदीच चुकीची नाही. मुलांना तो प्रसंग मोठा वाटला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तो मोठा कशाने वाटतो, एवढाच मतभेद आहे. खिंड अरुंद आहे म्हणूनच थोडी माणसे पुष्कळांना अडवू शकली. चित्राची चौकट उभी घेऊन दोन्ही बाजूंचा कातळ कागदाच्या कडांपर्यंत भिडवा, वर आकाशाची एक चिंचोळी पांढरी फट ठेवा आणि माणसे खाली लहान काढा.

निसर्गदृश्यांसाठी कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची चित्रे पाहावीत. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर अशा त्याच त्या जागा त्यांनी निरनिराळ्या वेळांना पुन्हा पुन्हा रंगवल्या. किल्ल्याचे चित्र म्हणजे किल्ल्याचे ओळखपत्र नव्हे. त्या जागेचा एखादा प्रहर त्यात उतरला पाहिजे.

आता दंतकथा. घोरपडीला हाकलून द्या, हे मला मान्य नाही. ती कागदात नाही हे खरे, पण ती पोवाड्यात आहे, आणि पोवाडा हाही या मुलुखाचा ठेवा आहे. माझी सूचना अशी की आपण कडा रंगवूच नये, शाहीर रंगवावा. गावच्या पारावर रात्रीच्या वेळी दिवटीच्या उजेडात डफ वाजवणारा शाहीर, मागे तुणतुण्याचा साथीदार, समोर डोळे विस्फारून बसलेली मुले, आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर पडलेल्या सावल्यांतून वर सरकणारी घोरपड. वाचणाऱ्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही की ही गोष्ट गाण्यातून आली आहे. शैली बदलण्याची गरज नाही, रंग फिके करण्याचीही नाही.

हिरकणीला मात्र ही युक्ती लावू नका. तिला शाहिराच्या आडून दाखवले, तर चित्र कोरडे होईल. ती कथा एका आईची आहे आणि ती सरळ, जवळून, पूर्ण विश्वासाने रंगवावी. तिथे तिथी आणि चंद्र यांचा फार काथ्याकूट करू नये, असे माझे मत आहे.


गडवाटसरू यांचा प्रतिसाद

सरांच्या पावलांविषयीच्या सूचनेला माझा नमस्कार. हिरकणीच्या बाबतीत मात्र मी नम्रपणे असहमत आहे, कारण चंद्राचा विचार केल्याने तिचे चित्र कोरडे न होता अधिक गहिरे होईल.

कथा कोजागिरीची आहे. आश्विनातली पौर्णिमा, पाऊस संपलेला, आकाश स्वच्छ. तरीही बहुतेक चित्रांत हिरकणी वीज चमकणाऱ्या काळ्या रात्री उतरताना दिसते. आता रायगडाचा नकाशा समोर घ्या. हिरकणी बुरूज गडाच्या पश्चिम अंगाला आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले आणि ती त्यानंतर लवकरच निघाली असे धरले, तर ती उतरत असताना तो पश्चिमेचा कडा गडाच्याच सावलीत होता. माथा उजळलेला, खालचे खोरे आणि समोरचे डोंगर दुधाने धुतल्यासारखे, आणि मधला कडा तेवढा काळा. तिला आपले घर जिथे आहे ते खोरे स्वच्छ दिसते आहे; पाय कुठे ठेवायचा, ते दिसत नाही.

मी स्वतः अशा एका कोजागिरीला रायगडावर होतो आणि रात्री नऊच्या सुमारास त्या बाजूला उभा राहून हे पाहिले आहे.


जुना चित्रशिक्षक यांचा प्रतिसाद

मी माझे म्हणणे मागे घेतो. असा कडा मला कोणी आधी सांगितला असता, तर मी तो स्वतःच रंगवला असता.


जलरंगी यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतका वेळ दिला, याबद्दल मी ऋणी आहे. उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, कारण मधल्या काळात मी औंधला दोनदा जाऊन आलो आणि भातलावणीचे आठ दिवस वेल्ह्याजवळच्या एका गावी राहिलो. ६३ पाने पावलांनी भरली आहेत. टाच आधी सुटते. पण ओझे डोक्यावर असेल, तर पाऊल सबंध सपाटच उचलावे लागते, नाहीतर तोल जातो. खांद्यावर पालखीचा दांडा असलेल्या माणसांचे पाऊल कसे असेल, याचा उलगडा मला तिथे झाला.

पावनखिंडीचे चित्र उभ्या चौकटीत पुन्हा मांडले. मशाली काढल्या, चंद्र काढला, बंदुका काढल्या. संपादकांना या वेळी आराखड्याबरोबर मोडीवाचक यांची तोड्याविषयीची टीप आणि २२ जुलैचा हिशेब लिहून पाठवला. त्यांनी चित्र मान्य केले आणि चिखल ठेवण्यासही संमती दिली. बाजीप्रभूंचा चेहरा थोडा अधिक उजळ करावा एवढीच सूचना आहे, आणि वरच्या फटीतून येणाऱ्या पांढऱ्या उजेडाने ती सहज पाळता येईल. राज्याभिषेकाच्या चित्रात दरबाराच्या वरच्या झालरीतून ओलसर करडे आकाश दिसेल आणि नारायण शेणवींचा हात चित्राच्या मध्याच्या किंचित डावीकडे असेल. सिंहगडासाठी राजगडाचा तट आणि दूरचा ठिपका हेच चित्र घेतले आहे. तिथे माझी अडचण वेगळीच निघाली : छपाईत इतका लहान नारिंगी ठिपका आजूबाजूच्या गडद निळ्यात मळका होतो. म्हणून तेवढ्या जागी रंग न लावता कागद कोरा राखून नंतर त्यावर पातळ पिवळा आणि तांबडा असे दोन हात देऊन पाहतो आहे.

घोरपड शाहिराबरोबर भिंतीवर गेली.

हिरकणीच्या चित्रापाशी मी अडकलो आहे. सावलीतला कडा जमला, उजळलेले खोरेही जमले. पण चंद्राचा उजेड खोऱ्यातून परत उसळून कड्यावर किंचित चढत असेल का, आणि तसे असेल तर तिच्या चेहऱ्यावर तो खालून पडेल का, हे मला ठरवता येत नाही. गडवाटसरू, आपण त्या रात्री तिथे उभे होतात. आपल्याला काय दिसले?


गडवाटसरू यांचा प्रतिसाद

पडतो. अगदी थोडा, पण पडतो. आश्विनात उतारावरचे गवत पिकू लागलेले असते आणि त्या फिकट गवतावरून उजेड परत येतो. माझ्या सोबत्याची हनुवटी आणि गालांची खालची कड मला दिसत होती, कपाळ आणि डोळे दिसत नव्हते. हातांचे तळवे कातळाला टेकलेले असल्यामुळे ते काळेच राहतील. येत्या कोजागिरीला मी पुन्हा जाणार आहे. गडावर मुक्कामाची सोय होते; आपण रंगपेटी घेऊन यावे.